कुकडी आणि घोडच्या काठाला "तिथं बघायला काही नाही" म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत एका दिवसाच्या सहलींवर लेख आला होता. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, निघोजचे रांजणखळगे, सगळं आलं, फोटोपण छान होते. पण वाचून झाल्यावर मला काही चैन पडेना, म्हणून लिहायला बसले. माझं माहेर कुकडीच्या काठचं आणि सासर घोडनदीच्या काठचं, कुकडी पुढं जाऊन घोडलाच मिळते, त्यामुळं दोन्हीकडचं बोलायचा मला हक्क आहे असं मी समजते.

लेख चुकीचा नव्हता. पण ही सगळी ठिकाणं एकाच पाण्याच्या काठावर आहेत हे त्यात कुठंच नव्हतं, आणि सगळ्यात जुनी दोन ठिकाणं, बोरी आणि इनामगाव, यांचं तर नावही नव्हतं. अश्मयुगापासून माणूस या खोऱ्यात राहतोय, आणि आपण शिवनेरी बघून, मिसळ खाऊन, ओझरला नमस्कार करून परत फिरतो.

आम्ही जानेवारीत दोन दिवस काढून गेलो होतो. मी, आमचे हे, नववीतला मुलगा आणि सासूबाई, त्यांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं पण हौस आमच्यापेक्षा जास्त. ठरवलं की नदी धरूनच जायचं, म्हणजे सुरुवात पूरच्या कुकडेश्वरापासून, तिथं कुकडीचा उगम आहे. देऊळ जुनं, दगडी, नुसतं कोरीव काम. झंझ राजानं नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली असं सांगतात, त्यातलं हे एक. सकाळी आठला आमच्याशिवाय तिथं चिटपाखरू नव्हतं आणि सासूबाई अर्धा तास नुसत्या बसून राहिल्या.

तिथून नाणेघाट. त्याबद्दल सगळ्यांना माहीत आहे, जकातीचा दगडी रांजण, खाली कोकण, वारा. पण बहुतेक लोक रांजणापाशी सेल्फी काढतात आणि गुहेत डोकावून परत येतात, आत सातवाहनांच्या नागनिका राणीचा ब्राह्मीतला लेख आहे, दोन हजार वर्षांच्याही आधीचा, त्यात यज्ञात किती गायी, किती हत्ती, किती कार्षापणं (तेव्हाची नाणी) दान दिली त्याचे आकडे कोरलेत, आणि आपल्या देशात कोरलेले आकडे सापडलेत त्यातले हे सगळ्यात जुन्यांपैकी. मुलगा मोबाईलच्या बॅटरीत एकेक आकडा शोधत बसला, आम्ही बाहेर भाकरी खात होतो, तो काही आलाच नाही.

जुन्नरबद्दल जास्त लिहीत नाही, ते लोक बघतात. फक्त एक, तुळजा लेण्यातला गोल चैत्य, म्हणजे बौद्धांचं प्रार्थनागृह, बघितल्याशिवाय येऊ नका, बारा खांबांच्या मधोमध स्तूप, असा गोल चैत्य फार कमी ठिकाणी आहे. आणि जुन्नरच्या लेण्यांतल्या लेखांत यवन, म्हणजे ग्रीक, लोकांची नावं आहेत, इरिल नावाच्या यवनानं पाण्याची टाकी दान केली असं कोरलंय. परक्या मुलखातनं येऊन आपल्या डोंगरात पाण्याची सोय करून गेलेला माणूस, हे मला शाळेत कुणी सांगितलं असतं तर इतिहासात मार्क तरी बरे पडले असते.

आता बोरी. माझं माहेर तिथून दोन गावं पलीकडं. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठाच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे आणि त्याच परिसरात अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारं, हातकुऱ्हाडी सापडल्यात. १९८० च्या दशकात हे उजेडात आलं. राख इथली नाही, आपल्या सह्याद्रीच्या ज्वालामुखीला तर साडेसहा कोटी वर्षं झाली. ही राख इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरच्या वरून हवेत उडून आलेली. तिच्या वयावर अभ्यासकांचे वाद आहेत, कुणी म्हणतात साधारण ७५ हजार वर्षं, कुणी म्हणतात साडेसहा लाखांच्याही मागं, आणि वाद महत्त्वाचा आहे कारण राखेचं वय ठरलं की त्या हत्यारांचं वय सांगता येतं, म्हणजे आपल्याकडं माणूस कधीपासून आहे तेच ठरतं. जगभरातले संशोधक त्या मातीचे नमुने घेऊन गेलेत. मी दहावीपर्यंत तिथून हाकेच्या अंतरावर शिकले, मला एका शब्दानं माहीत नव्हतं.

नारायणगावला चहा घेताना रस्ता विचारला तर उत्तर आलं, "बोरीला कशाला जाताय, तिथं बघायला काही नाही, त्यापेक्षा खोडदला जा, मोठ्या छत्र्या आहेत." खोडदची रेडिओ दुर्बीण बघण्यासारखी आहेच, ४५ मीटर व्यासाच्या अशा ३० अँटेना त्या भागात पसरल्यात. पण अंतराळातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या छत्र्या आणि अश्मयुगातली कुऱ्हाड एकाच खोऱ्यात, एका दुपारात बघून होतात, असं दुसरीकडं कुठं आहे सांगा.

बोरीत आम्हाला तरी कुठं पाटी दिसली नाही. शेतात पाणी धरणाऱ्या एका बाबांना विचारलं, ते फावडं खांद्यावर टाकून पुढं चालायलाच लागले, "या, राख दाखवतो," म्हणाले. नदीकडच्या दरडीत काळपट मातीमध्ये एक फिकट राखाडी पट्टा, बस एवढंच. मुलानं चिमटीत घेतली, पिठासारखी मऊ लागली, पण दोन बोटांत चोळल्यावर बारीक कचकच, काचेचा भुगाच असतो तो. बाबा म्हणाले, लहानपणी आम्ही याच्यानं भांडी घासायचो. मग म्हणाले, "फॉरेनचे लोक येऊन गुडघ्यावर बसतात इथं. आमची पोरं तिकडनं मोटरसायकलवर जातात, थांबत नाहीत."

निघोजला दुसऱ्या दिवशी सकाळी. कुकडीच्या पात्रात खडकाला पडलेले रांजण, पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून फिरून बेसाल्ट कोरला गेलाय, मळगंगेचं देऊळ, सगळं तुमच्या लेखात आलंय. फक्त पावसाळ्यात कडेला जाऊन रील काढू नका, तिथला खडक फार निसरडा होतो.

आणि मग इनामगाव. शिरूर तालुक्यातलं, घोडच्या काठचं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ अशी तब्बल पंधरा वर्षं खोदकाम केलं, सांकलिया, ढवळीकर, अन्सारी हे मोठे पुरातत्त्वज्ञ त्यात होते. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं अख्खं गाव सापडलं. शंभराच्या वर घरं, चुली, धान्याच्या कणग्या, कुंभाराची भट्टी, नदीचं पाणी फिरवायला पाट आणि बांध. जव पिकवायचे, कुळीथ, मसूर, वाटाणा खायचे. काळ्या नक्षीची तांबडी भांडी, तोटी असलेली, त्यांना जोर्वे भांडी म्हणतात, प्रवरेकाठच्या जोर्वे गावावरून. पुढं पाऊसमान बिघडलं, चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती कमी होऊन शिकार वाढली. दुष्काळात माणसाचं काय होतं ते आमच्या शिरूरकरांना वेगळं सांगायला नको. एका घराच्या जमिनीत मातीची डबी सापडली, तिच्याबरोबर बिनडोक्याची देवी आणि एक बैल, देवीच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक, काडी घालून देवी बैलावर बसवता येईल अशी.

आज तिथं गेलं तर काय दिसतं, एक टेकाड. आमच्याकडं अशा जागेला पांढर म्हणतात, पांढरीची माती पूर्वी लोक धाब्याच्या घरांच्या छतावर टाकायला, शेतात टाकायला गाड्या भरून न्यायचे. पायाखाली खापराचे तुकडे पसरलेत. मी एक उचलला, तांबडा, कडेला काळ्या दोन रेघा आणि आतल्या बाजूला बोटांचे वळ, चाकावर मडकं फिरताना कुंभाराची बोटं लागली त्याचे. माझी बोटं त्यात बसवून बघितली. बसली. परत जागेवर ठेवला.

हे लिहायचं कारण असं की आमच्यानंतर पुण्याकडची एक मंडळी आली, त्यांनी पिशवीभर तुकडे गोळा केले, शोकेसमध्ये ठेवायला. मी बोलले तर म्हणाले, "ताई, हे असंच पडलंय, कुणाचं आहे?" तिथं मला उत्तर सुचलं नाही. आता देते. ते त्या जागेचं आहे. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी पडलंय त्यावरून ते काय आहे ते कळतं, तुमच्या शोकेसमध्ये ते नुसतं खापर होणार.

इनामगावात लहान लेकरं गेली की दोन मडक्यांत ठेवून, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून, राहत्या घराच्या जमिनीखाली पुरत असत. अशी पुष्कळ मडकी सापडली. मोठ्या माणसांना सरळ झोपवून पुरायचे आणि घोट्याखालून पाय तोडायचे, गेलेलं माणूस परत कुठं जाऊ नये म्हणून असेल असं सांगतात. मी हे सासूबाईंना वाचून दाखवत होते. पायाचं ऐकून त्या काही बोलल्या नाहीत. मडक्यांचं ऐकलं आणि म्हणाल्या, "घरातच ठेवलं व्हय लेकराला. बरं केलं. आमचा थोरला ओढ्याच्या कडेला आहे, पूर आला की मला झोप लागत नव्हती." लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यांना आधी एक मुलगा होऊन गेलाय हे मला त्या टेकाडावर उभं राहून कळलं. आमच्या ह्यांनाही नीट माहीत नव्हतं. परतताना गाडीत कुणीच बोललं नाही.

संपादक साहेब, मागणी मोठी नाही. बोरीला आणि इनामगावला मराठीत एकेक चांगली पाटी हवी, नुसती "प्राचीन स्थळ" अशी नको, चित्रं काढून, हे घर असं होतं, हा पाट असा होता, हा राखेचा थर इतका लांबून आला, असं आठवीच्या पोराला कळेल असं लिहिलेलं. मूळ वस्तू पुण्याला सुरक्षित आहेत, तिथंच राहू देत, पण त्या भांड्यांच्या, त्या देवी-बैलाच्या नकला करून गावच्या शाळेत एका खोलीत ठेवायला किती खर्च येणार? आमच्याकडं अजून चाकावर मडकी करणारे कुंभार आहेत, त्यांनाच करायला द्या, त्यांच्याही हाताला काम मिळेल. आणि राखेपर्यंत नेणारे ते बाबा, अशा दोन-चार माणसांना थोडं ट्रेनिंग देऊन मानधन द्या.

२०१८ साली जुन्नर पर्यटन तालुका जाहीर झाला, आनंदच आहे. पण नदी जुन्नरच्या हद्दीत थांबत नाही. निघोज पारनेर तालुक्यात, म्हणजे जिल्हाच बदलला, इनामगाव परत पुणे जिल्ह्यात शिरूरला, आणि हद्द बदलली की माहितीपत्रक संपतं. कुकडेश्वर ते इनामगाव असा एकच नकाशा छापा ना कुणीतरी. तुमच्या पुरवणीनंच छापला तर फार बरं, शाळांच्या सहली दिवाळीनंतर निघतात, त्याच्या आधी आला तर मास्तर लोकांना उपयोगी पडेल.

सासूबाईंना आता ती मडकी डोळ्यांनी बघायची आहेत, त्यामुळं या महिन्यात त्यांना घेऊन डेक्कन कॉलेजच्या म्युझियमला जाणार आहे.

आपली नियमित वाचक,
शिरूर तालुका