तक्रार: मेनूच्या अ‍ॅनिमेटेड बॅकग्राउंडची तुमचं सॉफ्टवेअर वाट लावतंय

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय: डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या मोशन मेनूबद्दल तक्रार, दुरुस्ती किंवा पैसे परत मिळण्याबाबत

नमस्कार,

तुमच्या सॉफ्टवेअरची पूर्ण व्हर्जन मी विकत घेतली ती फक्त एका गोष्टीसाठी, ती म्हणजे मेनूला स्वतःचं हलतं बॅकग्राउंड लावता येतं असं तुम्ही जाहिरातीत ठळक लिहिलंय म्हणून. घरच्या जुन्या व्हिडिओंची डीव्हीडी करतोय, नातेवाईकांना द्यायची आहे, आणि डिस्क टाकल्यावर पहिली दिसणारी गोष्ट म्हणजे मेनू, त्यामुळे तो नीट दिसावा म्हणून मी बॅकग्राउंडवर खूप मेहनत घेतली आहे. गडद निळा रंग हळूहळू फिकट होत जातो आणि त्यावर छोटे प्रकाशाचे ठिपके सावकाश तरंगतात, एवढंच आहे ते. 20 सेकंदांचा लूप, शेवटचा एक सेकंद सुरुवातीत विरघळवून घेतलाय म्हणजे जोड कळू नये. फाइल डीव्हीडीच्या नियमात तंतोतंत बसणारी, एमपेग-2, पाल (आपल्याकडची टीव्ही पद्धत), 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम, बिटरेट 8 एमबीपीएस (सेकंदाला 8 मेगाबिट, म्हणजे 1 एमबी डेटा). डीव्हीडीला व्हिडिओसाठी 9.8 पर्यंत चालतं, म्हणजे मी मर्यादेच्या बराच आत आहे.

आता तुमचं सॉफ्टवेअर काय करतं ते सांगतो. ही तयार फाइल ते न विचारता पुन्हा एन्कोड करतं, म्हणजे नव्याने दाबून साठवतं, आणि तेही 4 एमबीपीएसला. निळ्या रंगाचे पट्टे पट्टे दिसतात, ठिपक्यांभोवती चौकोनी ठोकळे हलतात, अंधाऱ्या आणि हळू बदलणाऱ्या रंगावर बिटरेट कमी पडला की हे होणारच, हे व्हिडिओचं काम करणाऱ्या कोणालाही माहीत असतं. सगळ्या सेटिंग्ज शोधल्या, मुख्य व्हिडिओचा बिटरेट बदलता येतो पण मेनूचा कुठेच नाही. का नाही? हिशोब करून बघा ना, 8 एमबीपीएसने 20 सेकंद म्हणजे 20 एमबी आणि 4 ने 10 एमबी, म्हणजे 4.7 जीबीच्या डिस्कवर तुम्ही 10 एमबी वाचवताय आणि त्यासाठी सगळ्या मेनूचा चेहरा बिघडवताय!

दुसरं म्हणजे लूप. मला कळतं की लूप संपल्यावर प्लेअरला डिस्कवर परत मागे जावं लागतं आणि काही प्लेअर तिथे क्षणभर अडकतात, त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. पण इथे स्क्रीन चक्क काळी होते, प्रत्येक वेळी, प्रत्येक प्लेअरवर. म्हणून मी मेनूची व्हीओबी फाइल (डीव्हीडीवर व्हिडिओ जिच्यात साठवला जातो ती) उघडून एकेक फ्रेम पुढे सरकवत बघितली. माझ्या 500 फ्रेम संपल्यावर 10 काळ्या फ्रेम आहेत ज्या मी टाकलेल्याच नाहीत. 510 ला 15 ने पूर्ण भाग जातो, आणि तुमचं सॉफ्टवेअर एन्कोड करताना 15-15 फ्रेम एकत्र दाबून त्यांचे ग्रुप करतं, त्यामुळे माझा अंदाज असा की शेवटचा ग्रुप पूर्ण भरण्यासाठी ते काळ्या फ्रेम घालतंय. खात्री करायला तेच बॅकग्राउंड 24 सेकंदांचं केलं, म्हणजे 600 फ्रेम, 15 चे बरोबर 40 ग्रुप, आणि काळी फ्रेम एकही नाही! शेवटचा ग्रुप छोटा असला तरी डीव्हीडीला चालतं, मग भरायची गरजच काय. ऑडिओचं कारण देणार असाल तर तेही बसत नाही, कारण एसी-3 (डीव्हीडीवरच्या आवाजाचा फॉरमॅट) ची एक फ्रेम 32 मिलिसेकंदांची असते आणि 20 सेकंदांत त्या बरोबर 625 बसतात, काहीच उरत नाही.

वाइडस्क्रीन मेनूत बटणाचा हायलाइट (निवडलेल्या बटणावर उमटणारा रंग) अक्षरांपासून बाजूला सरकलेला दिसतो, तेही बघा. मी डिझाइन 1024 बाय 576 वर करून 720 ला दाबलंय, जसं करायला हवं तसं, बॅकग्राउंड टीव्हीवर बरोबर ताणलं जातं पण हायलाइट बहुतेक 4:3 च्या, म्हणजे जुन्या कमी रुंद टीव्हीच्या मापाने काढला जातोय. हायलाइटला चारच रंग मिळतात आणि कडा खडबडीत येतात ही डीव्हीडीचीच मर्यादा आहे, ती मी मान्य करतो, जागा चुकणं मात्र तुमच्याकडचं आहे.

आणि यातलं काहीही प्रीव्ह्यूमध्ये दिसत नाही, मला सगळ्यात जास्त राग याचाच आलाय. प्रीव्ह्यूमध्ये माझी मूळ फाइल चालते, सुंदर दिसते, माणूस निश्चिंतपणे बर्न करतो आणि डिस्क टीव्हीला लावल्यावर कळतं. डिस्क परत परत वाया गेल्या आहेत.

तुमच्या सपोर्टने आधीच्या मेलला उत्तर दिलं की प्लेअरची लेन्स साफ करा, दुसऱ्या कंपनीची डिस्क वापरून बघा. अहो, व्हिडिओ_टीएस फोल्डर (डीव्हीडीच्या सगळ्या फाइल्स ज्यात असतात तो) मी हार्ड डिस्कवरूनच चालवून बघितलाय, डिस्क बर्न न करता, तिथेही तेच पट्टे आणि त्याच काळ्या फ्रेम आहेत, मग लेन्सचा संबंध येतो कुठे? मी हे पहिल्याच मेलमध्ये लिहिलं होतं, कोणी वाचलं नाही असंच म्हणावं लागेल.

माझी मागणी साधी आहे. नियमात बसणारी फाइल पुन्हा एन्कोड न करता जशीच्या तशी घ्यायचा पर्याय द्या, नाहीतर किमान मेनूचा बिटरेट तरी आमच्या हातात द्या. काळ्या फ्रेम भरणं बंद करा, हायलाइटचं माप सुधारा आणि प्रीव्ह्यू एन्कोड झालेल्या फाइलचा दाखवा. हे पुढच्या अपडेटमध्ये येणार असेल तर तसं लेखी कळवा, मी थांबायला तयार आहे. येणार नसेल तर पूर्ण पैसे परत करा, कारण ज्या सोयीसाठी पैसे दिले ती चालत नाहीये.

सोबत मूळ बॅकग्राउंड, प्रोजेक्ट फाइल आणि 20 व 24 सेकंदांच्या दोन्ही व्हीओबी जोडल्या आहेत. कृपया ठरलेलं छापील उत्तर पाठवू नका, एन्कोडिंगचं काम बघणाऱ्या माणसाकडे हे पत्र द्या आणि त्याला 500 नंबरच्या फ्रेमपासून पुढे बघायला सांगा.

आपला,
एक ग्राहक