पुस्तक होईपर्यंत मी गावीच राहतेय

ती. अण्णा आणि ती. आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायला घेतलं की अण्णा "आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकतात, आणि आई जेवलीस का, झोप झाली का याच्या पुढे जाऊ देत नाही. म्हणून लिहितेय. अण्णा, चष्मा लावून सावकाश वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका.

पुण्याच्या स्टुडिओतली नोकरी मी घेत नाहीये. तसं त्यांना कळवूनही टाकलंय. भूकंपानंतरच्या आपल्या गावाचं फोटोंचं पुस्तक पूर्ण होईपर्यंत, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत, मी इथं आत्याकडेच राहणार आहे. कॉलेजात काम दाखवायला तेवढी जाऊन येत जाईन.

काळजीचं काही नाही, हे आधी सांगते. पुढची खोली आत्यानं मला दिलीय. खाट आहे, पंखा आहे, खिडकीला जाळी आहे. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या आणि लॅपटॉप रात्री लाईट असते तेव्हा चार्ज करून ठेवते. प्यायचं पाणी फिल्टरचं आणतो. सकाळी चुरमुऱ्यांचा सुशीला नाहीतर धपाटे, दुपारी भाकरी आणि आंबट वरण, आणि आत्याची येसर आमटी तर तुम्हाला माहीतच आहे. दूध रोज घेते. खरंच घेते. अंधार पडल्यावर जुन्या गावाकडे जात नाही, आणि एकटी तर दिवसासुद्धा जात नाही. आत्या किंवा शेजारची वहिनी सोबत असते. पायात बूट असतात.

आता नोकरीचं. अण्णा, तुम्ही म्हणाल हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागली. ते काम वाईट नव्हतं. दागिन्यांचे, मिठाईच्या डब्यांचे फोटो काढायचे, पगार वेळेवर. पण एकदा तिथं रुजू झाले की दोन-तीन वर्षं मान वर करता येणार नाही, हे तिथल्या मुलींनीच मला सांगितलं. आणि आत्या आता सत्तरीला टेकलीय. गावात जुनं घर ज्यांना पावलांनी माहीत आहे अशी माणसं दरवर्षी कमी होत चाललीत. तशी नोकरी मला अजून तीन वर्षांनी मिळेल. आत्या मला जुन्या गावात हाताला धरून फिरवेल असं तीन वर्षांनी कोण सांगणार? पैशाचंही बघून ठेवलंय. मागच्या लग्नसराईत मिळालेले जपून ठेवलेत, तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा कामं सुरू होतील, लातूर-औशाच्या दोन पार्ट्या आत्ताच बोलून ठेवल्यात. तुमच्याकडून एक रुपया घेणार नाही. आई, पाटल्यांचा विषय तर काढूच नकोस.

कॉलेजातल्या सरांना पहिल्यांदा विषय सांगितला तेव्हा त्यांनी एकच विचारलं होतं. किल्लारीच्या भूकंपाचे फोटो सगळ्या जगानं बघितलेत, तू वेगळं काय दाखवणार? बरोबर होतं त्यांचं. 1993 साली देशातले, परदेशातले फोटोग्राफर आले, ढिगारे आणि चिता काढून घेऊन गेले. ते त्यांचं काम होतं आणि ते व्हायलाच हवं होतं. पण ते निघून गेल्यावर माणसं कशी जगली, पत्र्याच्या शेडमध्ये लग्नं कशी लागली, बावन्न गावं उचलून नव्या जागी मांडली तेव्हा कोणाच्या शेजारी कोण आलं, हे कोणी फारसं बघितलं नाही. माझं पुस्तक त्याचं आहे. त्यात ढिगाऱ्याचा एकही फोटो नाही. आई, हे तुला मुद्दाम सांगतेय.

तीस सप्टेंबरला पहाटे मी किल्लारीला स्मृतिस्तंभाकडे गेले होते. पोलिसांची मानवंदना झाली, पुढारी आले, पेपरवाले आले. मी तिथं कॅमेरा बाहेर काढला नाही. ते फोटो दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत येणारच होते. पण तासाभरात निम्मं गाव सोयाबीनच्या रानात होतं. डोळे पुसलेली तीच माणसं विळा घेऊन वाकलेली, पाऊस यायच्या आत काढून घ्यायची घाई, मळणीयंत्राचा धुरळा. ते मी दिवसभर काढत होते. त्यातला एक फोटो पुस्तकात पहिला येईल असं आत्ता तरी वाटतंय.

पुस्तक कसं करतात हे तुम्ही मागं विचारलं होतं, अण्णा. मी तेव्हा घाईत होते, आता सांगते. फोटो काढणं हा त्यातला सोपा भाग. आधी यादी करायची, काय काय हवं: माणसं, घरं, वस्तू, रस्ते, वर्षाचे सण. मग काढत राहायचं. मग सगळ्याच्या छोट्या प्रिंट काढून जमिनीवर मांडायच्या. आत्याची पुढची खोली सध्या त्यांनीच भरलीय, मांजराला आत येऊ देत नाही. कोणता फोटो कोणाशेजारी बसतो, कोणाला पूर्ण पान द्यायचं, कुठं वाचणाऱ्याला दम खाऊ द्यायचा, हे रोज हलवून बघायचं. चांगले फोटोसुद्धा काढून टाकावे लागतात. मला वेशीजवळच्या म्हाताऱ्याचा फोटो फार आवडला होता, पण त्याच्यासारखं सांगणारा दुसरा आधीच होता, म्हणून काढला. मग डमी करायची, म्हणजे पुस्तकाच्या मापाचीच कच्ची वही. माझी 96 पानांची आहे, 16 पानांचे सहा फर्मे, म्हणजे दुमडलेले गठ्ठे. बांधणी शिलाईची करणार, म्हणजे पुस्तक उघडल्यावर सपाट राहतं आणि मधला फोटो शिवणीत गिळला जात नाही. छपाई डिजिटल करणार, कारण ऑफसेटला प्लेटांचा खर्च निघायचा तर शेकड्यांनी प्रती काढाव्या लागतात. आपल्याला तेवढ्या लागत नाहीत. गावात प्रत्येक घरी एक गेली तरी मला पुरे.

आणि फोटो रंगीत आहेत. काळ्यापांढऱ्यात केले की सगळं आपोआप त्या वर्षीचं वाटायला लागतं. आत्याच्या घराची भिंत मोरपंखी आहे, दारात झेंडू आहे. ते तसंच दिसलं पाहिजे.

नव्या गावात मी लहानपणी सुट्टीला यायचे तेव्हा ते मला गावच वाटायचं. आता कॅमेऱ्यातून बघताना कळतं की रस्ते एवढे सरळ आणि रुंद आहेत की समोरच्या ओट्यावरच्या माणसाशी बोलायला ओरडावं लागतं. घरं जमिनीच्या हिशोबानं मिळाली, 250, 400, नाहीतर 750 चौरस फूट, आणि माणसांनी पुढं पत्रा टाकून, मागं चूल मांडून ती आपली करून घेतली. आत्या अजून बाहेर पत्र्याखालीच झोपते. आत झोप येत नाही म्हणते. तीसहून जास्त वर्षं झाली. मी काही बोलत नाही, माझी खाटही बाहेर ओढते.

आत्यानं मला आपल्या घराच्या जागेवर नेलं. वेड्या बाभळी आणि सीताफळं माजलीत, मला तर एक गल्ली ओळखू आली नसती. ती मात्र थांबत नव्हती. "हितं वेस. हितं मारुती. हितून डावीकडं." मग एका झुडपापाशी बसली आणि पालापाचोळा हातानं सारला. खाली उखळ निघालं. ओसरीतलं, जमिनीत गाडलेलं काळ्या दगडाचं, पावसाच्या पाण्यानं भरलेलं. तिनं ओंजळीनं पाणी काढून टाकलं आणि आत बोटं फिरवली. तळाशी एका बाजूला दगड जास्त झिजलाय, तुझ्या सासूबाई डावखुऱ्या होत्या ना, आई. मी फोटो काढत होते तर म्हणाली, "लेकरा, किती फोटू काढूलालीस, हात लाव की आधी." मी लावला. गुळगुळीत आहे, आजीनं माझी वेणी घातली असती तर तिचा हात तसा लागला असता, असं मनात आलं.

भिंतींची जागाही दिसते. दोन-दोन फूट जाडीच्या, दगड आणि माती, चुना नाही की सिमेंट नाही. आणि वर माळवद, म्हणजे मातीचं छत, दर पावसाळ्याच्या आधी नव्या पांढऱ्या मातीचा थर. पिढ्यान्‌पिढ्या घर थंड राहावं म्हणून माणसं ती माती वर चढवत आली, आणि तेच सगळं वजन तीन वाजून छप्पन मिनिटांनी खाली आलं. अण्णा, हे मी का लिहितेय ते तुम्हाला कळेल. ते घर कोणी एकट्यानं धरून ठेवू शकलं नसतं. तुम्ही त्या रात्री लातूरला अडतीवर थांबलात, विसर्जनाला गावी आला नाहीत, यात तुमचं काही चुकलेलं नाही. आत्याही हेच म्हणते. ती तुमची थोरली बहीण आहे, तिचं तरी ऐका. यावर मला उत्तर नको. फक्त वाचा.

आता घागरीचं. गौरी-गणपतीला आले होते तेव्हा सकाळी ओट्यावर तिचा फोटो काढला होता, आठवतं? आई, तू म्हणालीस तिचा काय फोटो काढायचा, चेपलेली आहे. तू ती नेहमी चेपलेली बाजू भिंतीकडे करून ठेवतेस. मी ती बाजू खिडकीकडे वळवली होती. त्या खड्ड्यात उजेड साठतो, आणि काठावर तुझ्या माहेरचं नाव घातलेलं आहे, त्यातली दोन अक्षरं दबलीत. तांबटाकडे देऊन सरळ करून घेता आली असती. इतकी वर्षं तू दिली नाहीस. तो फोटो मला पुस्तकात हवाय. खाली फक्त एवढंच लिहीन: तांब्याची घागर, जुन्या गावातून. कोणाची, कुठं सापडली, काही नाही. तुला नको असेल तर तोही काढते. फोनवर फक्त "नको" म्हण, कारण विचारणार नाही.

दादाबद्दल मी कोणालाही काही सांगितलेलं नाही. आत्यानं आपणहून सांगितलं तेवढं ऐकलं. तुझ्या ट्रंकेत साडीच्या घडीत जो फोटो आहे, तो मी लहानपणी एकदा पाहिलाय. तो मी मागत नाहीये. आई, नीट ऐक, मागत नाहीये. डमीत मधली दोन पानं मी कोरी ठेवलीत. ती कोरीच छापली गेली तरी चालतील, सरांनाही तसं सांगितलंय आणि त्यांना पटलंय. गावात बऱ्याच घरी एकही जुना फोटो उरलेला नाही, सगळं मातीत गेलं, तर ती कोरी पानं त्या सगळ्यांचीही आहेत. तुला कधी वाटलंच तर वाटलं. या वर्षी नाही, पुढच्या नाही, कधीच नाही, तरी मी तुझीच आहे.

ज्यांचे फोटो काढते त्यांना आधी विचारते, मग काढते, आणि प्रिंट नेऊन दाखवते. एका काकूंनी प्रिंट बघून नको म्हटलं, तो पुस्तकात नाही. कोणालाही "असे बसा, तसं बघा" सांगत नाही. नाव-गाव त्यांनी सांगितलं तसंच लिहिते. अण्णा, अडतीच्या वहीत तुम्ही एक किलोचा फरक खपवून घेतला नाहीत, तेच बघत मोठी झालेय.

लक्ष्मीपूजन मी इथंच करीन, मला ती संध्याकाळ हवीय. भाऊबीजेला आत्याला घेऊन येते, दोन दिवस राहू. आई, फराळाचं सगळं एकटीनं करत बसू नकोस, खांदा दुखतो. चकल्या विकत आणा, करंज्या मी आल्यावर करू. आणि आत्याचं म्हणणं आहे की येळवसला, वेळा अमावास्येला, तुम्ही दोघांनी इकडं यावं. तिच्या रानात कडब्याची कोप करू, भज्जी, अंबील, उंडे सगळं होईल. जुन्या गावाकडे जायची गरज नाही, रान पलीकडच्या अंगाला आहे. यायलाच पाहिजे असं नाही. पण आलात तर मला फार बरं वाटेल.

नळदुर्गच्या मंडळींना सांगा, मुलगी येळवसनंतर भेटेल. मुलाला माझं काम चालत असेल तर मलाही बोलायला आवडेल. थांबत नसतील तर थांबवू नका.

आता ऐका. अण्णांची बीपीची गोळी सकाळी, नाश्त्याच्या आधी, चहाबरोबर नाही. साखरेची तपासणी या महिन्याची राहिलीय. अण्णा, शुक्रवारी सकाळी उपाशीपोटी जा, आईला सोबत घेऊन जा, आणि मोटारसायकल काढू नका, रिक्षा करा. आईच्या डोळ्याचे थेंब उघडून महिना झाला असेल तर उरलेले फेकून द्या, नवीन आणा. मोतीबिंदूची तारीख दिवाळीनंतरची घ्या, मी येऊन राहीन आठवडाभर, पुस्तक तेवढं थांबतं. बाथरूममध्ये रबराची चटई टाका, मी आणून माळ्यावर ठेवलीय, निळ्या पिशवीत. रात्री सिलिंडरचा नॉब बंद केला का ते दोघांनी बघा.

शुक्रवारी रिपोर्ट आला की लगेच फोन करा. आकडा आईनं वाचून सांगायचा, अण्णांनी नाही.

तुमची
पमी