सोलरचे पाणी आणि रिकामी टाकी

मा. संपादक,

सोलापुरात गच्चीगच्चीवर पाणी तापवणारे सोलर दिसतात, पण त्यातले पाणी किती तापते हे बसवणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. उन्हाळ्यात वापर कमी, ऊन कडक; काचेच्या नळ्यांच्या सोलरमध्ये पाणी ७० अंशांपुढे सहज जाते. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाला सुमारे ५ सेकंदांत खोल भाजते, ७० ला सेकंदभर पुरे. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना त्याहून कमी.

खरा घोटाळा पाइपांच्या जोडणीत असतो. आपल्याकडे पाणी रोज येत नाही, म्हणून गच्चीवर बोअरची एक आणि नळाची एक अशा दोन टाक्या. सोलर एकीवर, मोरीचा गार नळ दुसरीवर. दुसरी संपली की गरम-गार मिसळणाऱ्या मिक्सर नळातून निव्वळ कढत पाणी येते, तेही डोक्यावर साबण असताना. दोन्ही लाइनी एकाच टाकीवर घ्या आणि सोलरकडे जाणारा पाइप गार लाइनीपेक्षा वीतभर वर काढा. टाकी रिकामी होताना आधी सोलरचा पुरवठा तुटतो, गार पाणी मागे उरते.

थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह (गरम-गार मिसळून ठरलेल्या तापमानाचेच पाणी सोडणारा) बसवणार असाल तर कमी दाबावर चालणारा मागा. टाकी ३ मीटर उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार मिळतो. बसवल्यावर गार पाण्याचा कॉक बंद करून पाहा. गरम धार काही सेकंदांत जवळपास थांबली पाहिजे. बोअरच्या क्षाराने व्हॉल्व्ह अडकतो, म्हणून आधी जाळी लावा आणि वर्षातून एकदा साफ करून घ्या. प्लंबर ‘गरज नाही’ म्हणेल, ऐकू नका.

बादलीत आधी गार पाणी, मग गरम. ३० अंशांचे १५ लिटर आणि ७० चे ५ लिटर मिळून ४० अंश होते. तांब्याने ढवळून कोपराने पाहा. गरम नळ बंद झाल्यावरच मुलाला मोरीत घ्या.

तरीही भाजलेच तर बांगड्या, कपडे लगेच काढा. चिकटलेले कापड ओढू नका. २० मिनिटे गार पाणी सोडा. मात्र मे महिन्यात दुपारी काळ्या टाकीच्या नळालाही गरम पाणी येते, तेव्हा माठातले ओता. बर्फ, हळद, टूथपेस्ट नको. चेहरा, हात, जननेंद्रिय भाजले असेल किंवा जखम रुग्णाच्या तळहाताहून मोठी असेल तर पाणी सोडतानाच १०८ ला फोन करा.

– एक सोलर फिटर, जुळे सोलापूर