चारच्या चहाबद्दल

पुणे, २८ मार्च

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर हा विषय काढला की बाबा ‘थांब, आईला देतो’ म्हणून मोकळे होतात, म्हणून लिहितोय.

होळीला आलो तेव्हा डाळीच्या डब्यामागे आइस्ड टीच्या पावडरीची बरणी सापडली. बाबा, शुगरचा रिपोर्ट आल्यापासून तुम्ही चारचा चहाच सोडलात, याचं आईला कोण कौतुक! आणि इकडे हे. डब्या-बरण्यांवरच्या घटकांच्या यादीत ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी छापतात. बरणी फिरवून बघा, पहिलं नाव साखरेचं आहे. चहा पार खाली.

रागावलो नाहीये. नागपूरच्या उन्हात बिनसाखरेचा गरम चहा मलाही गेला नसता. म्हणून आठवडाभर इथे घरीच खटपट केली. पहिल्या दिवशी संत्र्याच्या चकत्या सालासकट रात्रभर चहात ठेवल्या, सकाळी काडेचिराइताचा काढा तयार! सालाखालचा पांढरा भाग कडू उतरतो. दुसऱ्या दिवशी गरम चहा तसाच फ्रिजमध्ये ढकलला, तर गढूळ. चहातलं टॅनिन आणि कॅफीन थंडीत एकमेकांना धरून बसतात, त्याचा तो गढूळपणा. चवीला वाईट नाही, पण आईने एका नजरेत मोरीत ओतला असता.

आता जमलंय. आई, अर्धा लिटर पाण्यात तुझ्या कुंडीतल्या गवती चहाच्या पाच-सहा पाती कापून दोन मिनिटं उकळ. गॅस बंद करून मग तीन छोटे चमचे पत्ती टाक. आपली दाणेदार नको, ती फार कडक उतरते. पानाचा चहा मी आणतो. झाकण ठेवून तीनच मिनिटं, मग गाळ. चोथा चमच्याने दाबू नकोस (तुझी सवय ठाऊक आहे), त्याने तुरटपणा येतो. त्यात अर्धा लिटर माठाचं पाणी घाल आणि पार निवल्यावरच फ्रिजमध्ये ठेव. काचेची बरणी घे, पण लोणच्याची नको, कितीही घासली तरी वास राहतोच. पुदिना आणि तुळशीची चार पानं तळहातावर चुरडून त्यात टाक, उकळू नकोस. संत्रं एकच, सोलून, बिया काढून फोडी. लिटरभराला तेवढं पुरे. रस काढून ओतलात तर बाबा, ती पुन्हा साखरच. दोन दिवसांत संपवायचं.

लिंबू मात्र ग्लासात, पिताना. बाबा, हे तुमच्यासाठी राखून ठेवलंय: चार थेंब पडले की तांबूस चहा डोळ्यांदेखत फिकट होतो. आम्ल पडलं की रंग बदलतो, तुमच्या लिटमसचाच भाऊबंद. शेजारच्या पोरांना बोलावून दाखवा, मास्तरकी गंजायला नको.

आई, तुझी लोहाची गोळी आणि हा चहा एकत्र नको. चहाने लोह नीट अंगी लागत नाही. मध्ये दोन तास जाऊ देत. आणि दोघांनीही बर्फ घालू नका, बाबांची दाढ अजून दुखतेय हे मला आईने सांगितलंय.

मी बारा एप्रिलला सकाळी पोचतो. बरणी फेकू नका. तिच्यावरचं बारीक अक्षर बाबांनी चष्मा लावून, वर्गात वाचायचे तसं खड्या आवाजात वाचून दाखवायचं आहे.

तुमचा,
बाळू