खुर्ची सोडणारा न्यायाधीश

महोदय,
न्यायाधीशांच्या निवृत्तीच्या वयावर आपल्याकडे अधूनमधून चर्चा झडते. उच्च न्यायालयात ६२, सर्वोच्च न्यायालयात ६५. अमेरिकेत संघीय न्यायाधीशाला वयाची अटच नाही; तहहयात बसा. म्हणूनच तिथले न्यायाधीश रिचर्ड पॉस्नर यांचे आपणहून पद सोडणे मला महत्त्वाचे वाटते. १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी त्यांना शिकागोच्या अपील न्यायालयावर नेमले. कायद्याला अर्थशास्त्राची फूटपट्टी लावणारा हा माणूस. ती फूटपट्टी मला सगळीकडे पटत नाही, पण निकालपत्र हाताखालच्यांकडून न लिहवून घेता स्वतः लिहायचे, तेही तळटीपांशिवाय, हे मानलेच पाहिजे. (आपली शेकडो पानी निकालपत्रे आठवून पाहा.) २०१४ मध्ये समलिंगी विवाहावरील सुनावणीत विस्कॉन्सिनच्या सरकारी वकिलांनी परंपरेचा आधार घेताच यांनी विचारले, काळ्या-गोऱ्यांच्या लग्नाला बंदी हीसुद्धा परंपराच होती ना? नेमणूक रिपब्लिकन अध्यक्षांची, निकाल मात्र विवाहाच्या बाजूने.

२०१७ मध्ये, ७८व्या वर्षी, त्यांनी तडकाफडकी पद सोडले. कारण विलक्षण होते. वकील परवडत नाही म्हणून स्वतःच खटला लढवणाऱ्यांची अपिले न्यायालय गांभीर्याने घेत नाही, अशी त्यांची तक्रार होती आणि सहकाऱ्यांशी त्यावरून जमेना. पुढे अशा पक्षकारांसाठी त्यांनी संस्था काढली. ती फार टिकली नाही. आपल्याकडे तालुका कोर्टात हातात फाईल घेऊन तारखेमागून तारीख घेणारा पक्षकार रोज दिसतो. त्याच्यासाठी पद सोडलेले न्यायमूर्ती निदान मला तरी आठवत नाहीत.

– एक वकील, सातारा