केमो सुरू झाली, मग गोळीचं काय?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

टार्गेटेड थेरपी (कॅन्सरच्या पेशीतल्या ठराविक बिघाडावर नेम धरणारं औषध) म्हणजे केमोपासून सुटका असं काहीतरी पेपरात वरचेवर वाचायला मिळतं, म्हणून हे पत्र. माझ्या आईला फुप्फुसाचा कॅन्सर, चौथी स्टेज, ईजीएफआर म्युटेशन, म्हणजे गाठीच्या पेशींतल्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल, निघालं. दीड वर्ष रोज टार्गेटेड थेरपीची एक गोळी, नाकाजवळ पुरळ, नखांच्या कडा सुजलेल्या, पण बाई घरभर हिंडत होती. मग स्कॅनमध्ये गाठ वाढलेली दिसली, केमो ठरली, आणि गोळीचं काय हे ना डॉक्टरांनी सांगितलं ना आम्ही विचारलं. आईने आपल्याच मनाने पाकीट कपाटात टाकलं, सलाईनमधून एवढं औषध जातंय मग गोळी कशाला म्हणून. आठवड्याभरात धाप वाढली तेव्हा कुठे विचारणा झाली, गोळी कधीपासून बंद आहे? अचानक थांबवली तर काहींचा आजार उसळतो हे आम्हाला तेव्हा कळलं.

नंतर वाचत गेलो तर हे प्रश्नच दोन वेगवेगळे आहेत. सुरुवातीपासून दोन्ही एकत्र देणं हा एक. टाटा मेमोरियलच्या 350 पेशंटच्या अभ्यासात नुसत्या जेफिटिनिबवर (ईजीएफआरवरची एक गोळी) आजार साधारण 8 महिने आटोक्यात राहिला, सोबत केमो दिली तर 16. पण गंभीर त्रासही जवळपास दुप्पट, हे कोणी मोठ्या अक्षरात छापत नाही. दुसरा प्रश्न आमचा, गोळी दाद देईनाशी झाल्यावर केमोबरोबर तीच चालू ठेवायची का. जेफिटिनिबचा तसा अभ्यास झालाय, इम्प्रेस नावाचा, त्यात चालू ठेवून काही फायदा दिसला नाही, दोन्ही गटांत आजार 5.4 महिनेच आटोक्यात राहिला, उलट गोळी थांबवलेले पेशंट जास्त जगले. ओसिमर्टिनिब या ईजीएफआरवरच्याच दुसऱ्या गोळीची गोष्ट जरा वेगळी, ती मेंदूपर्यंत चांगली पोचते, म्हणून मेंदूत पसरलेला आजार आटोक्यात असेल तर काही डॉक्टर ती सोडत नाहीत.

म्हणजे शेजारच्या पेशंटची बंद झाली म्हणून आपलीही करायची, असं चालत नाही. तुम्ही छापताना कुठली गोळी आणि कुठल्या टप्प्यावर एवढं तरी लिहा, आणि डॉक्टरांना विनंती की केमोच्या पहिल्याच दिवशी फाइलवर 'गोळी चालू' किंवा 'गोळी बंद' एवढे दोन शब्द टाका. आमच्या फाइलवर आता आहेत, मागून लिहून घेतलेत.

आपला,
एक वाचक