वडगावच्या अक्कांना, पेटीवाल्याकडून

अक्का, नमस्कार.

तोंडावर आभार मानले की "त्यात काय ओ मास्तर" म्हणत तुम्ही चहा ठेवायला उठता आणि विषय तिथंच मिटतो. म्हणून लिहितोय. मराठी तुम्ही माझ्यापेक्षा ठसक्यात बोलता, वाचायचा तेवढा तुम्हाला कंटाळा. सूनबाई वाचून दाखवतील. आणि चार लोकांच्या नजरेला पडावं म्हणून पत्र उघडंच ठेवतोय.

माझं पहिलं वेड पेटी, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात लेथवर आयुष्य गेलं, संध्याकाळ मात्र भजनी मंडळाची. ज्या बेळगावात रामभाऊ विजापुरे (1917–2010) यांनी पिढ्यान्‌पिढ्या पेटी शिकवली, तिथं "मीही वाजवतो" म्हणायला धीर लागतो. मी आपला अभंगामागं सूर धरणारा. निवृत्त झाल्यावर वाटलं, आता दिवसभर पेटी. कसलं काय! दुपारी नातीचा अभ्यास, वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला. भाता उघडायची सोय नाही. वडगावात दिवसभर माग खडखडतात त्याचा कुणाला त्रास नाही, पेटीचा मात्र लगेच होतो. असो.

तर दुपारसाठी घरबसल्या हाताला काहीतरी हवं होतं. वारली रंगवून झाली. मातीकामाचंही मनात होतं, खानापूर इतकं जवळ आणि तिथली माती कुंभारकामाला नावाजलेली. पण दोन खोल्यांत चाक कुठं मांडणार? शेवटी ट्रंकेतली आईची इरकल बाहेर निघाली. तिच्यावर गोपुर, तुळशीवृंदावन, हत्ती, पालखी, सगळं धागे मोजून भरलेलं. लेथवर सूत-सूत मोजण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे काम आवडणारच होतं. हे असं धागे मोजून करायचं भरतकाम म्हणजे कसुती. तीच शिकायची ठरवलं.

आता यापुढचं थोडं कडू आहे. नावं घेत नाही. एका क्लासमध्ये फॉर्म हातात देतानाच सांगितलं, "काका, पुरुषांची बॅच नाही, मिसेसना पाठवा." मिसेस आता कुठून पाठवू? दुसऱ्या ठिकाणी घेतलं, फी पूर्ण घेतली, कोपऱ्यातली खुर्ची दिली आणि ठिपके छापलेलं कापड हातात ठेवलं. ठिपक्यांवरून सुई फिरवा, झाली कसुती. मी कापड उलटं करून विचारलं, "मागची बाजू अशीच राहणार का?" तर त्या बाई हसल्या. म्हणाल्या, "मागचं कोण बघतंय?"

अक्का, मग वरच्या मजल्यावर तुमच्याकडं आलो. तुम्ही पहिल्याच दिवशी माझं कापड हातात घेतलंत आणि आधी उलटं केलंत. मागचा दोऱ्यांचा गुंता बघितलात, माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "हे राहू दे. धागे मोजता येतील असं साधं मॅटीचं कापड आणा." तिथंच मला कळलं की आता बरोबर माणसाकडं आलोय.

कसुतीतला गवंती टाका तुम्ही ज्या रीतीनं समजावलात ती मी विसरणार नाही. जाताना एक टाका वर, एक खाली. परत येताना राहिलेल्या जागा भरत यायचं, म्हणजे रेघ दोन्ही अंगांनी सारखी. गाठ मारायची नाही, दोऱ्याचं टोक टाक्यांखालीच दडवायचं. आधी पेन्सिलीनं काही आखायचं नाही. आणि वाट अशी धरायची, की गोपुराचे सगळे फाटे फिरून सुई निघाल्या जागी परत आली पाहिजे. आवर्तन फिरून समेवर येतं, तसं. हे मी बोललो तेव्हा तुम्ही म्हणालात, "मग तुम्हाला येतंय की ओ, कशाला घाबरताय?"

पण हे पत्र टाक्यासाठी नाही. सुयांसाठी आहे.

माझ्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय, दुसऱ्याचा राहिलाय. टाका घालायला चष्म्यानं भागतं, सुईत दोरा ओवता येत नाही. दर वेळी नातीला हाक मारायची, ती पुस्तक सोडून येणार, मला वाईट वाटणार. मग मी दोरा संपला की त्या दिवसापुरतं काम गुंडाळून ठेवायला लागलो. कुणाला सांगितलं नव्हतं. तुमच्या ध्यानात कसं आलं, देव जाणे.

एक दिवस निघताना तुम्ही गोळ्यांची रिकामी डबी हातात दिलीत. आत स्पंजचा तुकडा आणि त्यात ओळीनं टोचलेल्या ओवलेल्या सुया. लाल, हिरवा, पिवळा, जांभळा. प्रत्येक दोरा हातभर, कमी नाही की जास्त नाही. त्याहून लांब घेतला की पीळ पडतो. एकालाही गाठ नाही. आणि म्हणालात काय, तर "सुया जास्त झाल्यात माझ्याकडं, ठेवा." सुया कुणाकडं कधी जास्त होतात का अक्का? तुमचा चष्मा तर माझ्यापेक्षा जाड!

तेव्हापासून रिकामी डबी तुमच्या नातवाबरोबर वर जाते आणि भरून खाली येते. तुम्हाला दिसत नाही का, असं एकदाही विचारलं नाहीत. ऑपरेशन करून घ्या असा सल्लाही दिला नाहीत, आणि तो तर आमच्या घरी पाहुणासुद्धा देऊन जातो.

दुसरंही एक सांगायचं राहतं. सुई धरून चिमूट ताठरली की बोटं पट्ट्यांवर मोकळी पडत नाहीत. हे मला कळायच्या आत तुम्ही ओळखलंत आणि नियमच घालून दिलात, एकादशीला आणि गुरुवारी सुईला हात लावायचा नाही. "पेटी पहिली. हे दुपारपुरतं." शिकवणारा माणूस आपल्याच कलेला दुसरं स्थान देतो, असं मी फार कमी बघितलंय. आमच्या मंडळातले बुवा तर तबलजीलाही मोठं होऊ देत नाहीत. (हे सूनबाईंनी मोठ्यानं वाचू नये.)

आपल्या भागात 1956 पासून भाषेचा प्रश्न लोंबकळतोय. त्यावर तुमचं मत वेगळं, माझं वेगळं, आणि दोघांनाही ते ठाऊक आहे. मध्यंतरी गोंधळात बस बंद झाल्या, दुकानांची शटर ओढली गेली, त्या दिवशीही डबी खाली आली. वर तुमची दासरपदं, म्हणजे कन्नड भक्तिगीतं, चालू होती, मी खाली त्यावर हळूच सूर धरला होता, ते तुम्हाला ऐकू आलं की नाही कोण जाणे. चांगुलपणावर भाषणं करणारे आपल्याकडं थोडे नाहीत, मदत करून फोटो काढून घेणारे तर त्याहून जास्त. जिन्यावरून गुपचूप डबी पाठवणारं माणूस मला या वयात भेटलं, आणि तेही एक मजला वर.

पेटीची खोळ निम्मी झालीय. मधोमध गोपुर, दोन्ही बाजूंना मोर, कडेनं मुर्गी टाक्याची पायरी-पायरीची किनार. उलट बाजू आधी बघा, मग बोला. मेंथी, म्हणजे फुलीचा टाका, मात्र अजून जमत नाही, त्यासाठी येत्या सोमवारी वर येतो.

आणि हो, जांभळा संपलाय. खडेबाजारात मिळाला त्याला फार चमक आहे, तुमच्या दोऱ्याशेजारी डोळ्यांत खुपतो. तुम्ही कुठनं आणता तेवढं नातवाजवळ सांगून पाठवा.

तुमचा,
खालचा पेटीवाला